बघ्यांची गर्दी आणि साहाय्याचा निर्णय

‘बघे’ या मराठी शब्दातच एक निवाडा दडलेला आहे. नाटक पाहतो त्याला प्रेक्षक म्हणतात, पाहिलेले न्यायालयात सांगतो त्याला साक्षीदार म्हणतात. परंतु डोळ्यांदेखत एखाद्यावर संकट आले असता जो उभा राहून पाहतो आणि काहीच करीत नाही, त्याच्यासाठी भाषेने हा वेगळा, किंचित तुच्छतादर्शक शब्द राखून ठेवला आहे. या तुच्छतेमागे एक गृहीतक असते. बघ्याला दुसऱ्याच्या वेदनेशी कर्तव्य नाही, त्याचे मन मेले आहे, असे ते गृहीतक होय. हे गृहीतक कितपत खरे आहे, याचा शोध मानसशास्त्राने गेल्या साठ वर्षांत बराच घेतला असून, त्यातून निघालेली उत्तरे प्रचलित समजुतीपेक्षा गुंतागुंतीची आहेत. हिंसेच्या प्रसंगी स्वत:चा व दुसऱ्याचा बचाव कसा करावा, या व्यावहारिक प्रश्नाचा पायाही याच उत्तरांत आहे.

प्रश्न पुस्तकी नाही. २० ऑक्टोबर २०११ च्या रात्री मुंबईत अंधेरीच्या आंबोली भागात एका उपाहारगृहाबाहेर दोन तरुणांनी आपल्या मैत्रिणींची छेड काढणाऱ्यांना हटकले. थोड्याच वेळाने छेड काढणारा आपल्या साथीदारांसह परतला आणि त्या दोघांवर शस्त्राने हल्ला झाला. एकाचा त्याच रात्री, दुसऱ्याचा काही दिवसांनी रुग्णालयात मृत्यू झाला. जागा निर्जन नव्हती. माणसे होती, मदतीच्या हाका त्यांना ऐकू जात होत्या, आणि तरीही बहुतेक जण जागचे हलले नाहीत, असे त्या वेळच्या वृत्तांतांतून पुढे आले. चौघा आरोपींना मे २०१६ मध्ये जन्मठेपेची शिक्षा झाली. जमलेल्या गर्दीविषयीचा प्रश्न मात्र न्यायालयाच्या कक्षेबाहेरच राहिला.

या विषयाच्या अभ्यासाचा आरंभ सामान्यत: न्यूयॉर्कमधील एका खुनापासून मोजतात. १३ मार्च १९६४ च्या पहाटे तीनच्या सुमारास क्वीन्स विभागातील क्यू गार्डन्स येथे किटी जिनोव्हीज ही अठ्ठावीस वर्षांची तरुणी कामावरून घरी परतत असता तिच्यावर सुरीने हल्ला झाला. दोन आठवड्यांनी, २७ मार्च रोजी, ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने पहिल्या पानावर वृत्त दिले. अडतीस प्रतिष्ठित नागरिक अर्ध्या तासाहून अधिक काळ खिडक्यांतून तो खून पाहत राहिले आणि हल्ला चालू असताना त्यांपैकी एकानेही पोलिसांना दूरध्वनी केला नाही, असा त्याचा आशय होता. महानगरीय माणसाच्या निर्दयतेचे हे उदाहरण पाठ्यपुस्तकांत शिरले आणि पुढे चार दशके त्यात ठाण मांडून बसले.

वस्तुस्थिती अशी नव्हती. २००७ साली रेचेल मॅनिंग, मार्क लेव्हाइन आणि ॲलन कॉलिन्स या अभ्यासकांनी खटल्यातील पुराव्याच्या आधारे दाखवून दिले की, अडतीस जणांनी संपूर्ण घटना पाहिल्याला आधार नाही. पहिला हल्ला रस्त्यावर झाला, तेव्हा एका रहिवाशाने खिडकीतून ओरडून हल्लेखोराला पळवून लावले होते. जखमी तरुणी इमारतीच्या मागील बाजूस गेली आणि दुसरा, प्राणघातक हल्ला आतील अरुंद मार्गात झाला. ती जागा बहुतेक खिडक्यांतून दिसणे अशक्यच होते. काहींनी केवळ आरडाओरडा ऐकला आणि तो दारू प्यालेल्यांचा किंवा एखाद्या जोडप्याचा कलह असावा, असे मानले. एका शेजारणीने तर खाली धाव घेऊन मरणोन्मुख तरुणीला अखेरपर्यंत आपल्या हातांत धरून ठेवले होते. मूळ वृत्तांतात तिचा मागमूस नव्हता. हल्लेखोर २०१६ साली तुरुंगात मरण पावला, तेव्हा खुद्द ‘न्यूयॉर्क टाइम्स’नेच आपले जुने वृत्त सदोष असल्याचे मान्य केले. पोलिसांना बोलावण्यासाठी एकच सुलभ क्रमांक त्या वेळी अमेरिकेत नव्हता, हेही ध्यानात घेतले पाहिजे. ९११ हा क्रमांक प्रथम १९६८ साली उपयोगात आला.

चुकीच्या कथेतून खरे संशोधन जन्मावे, हा या विषयाच्या इतिहासातील चमत्कारिक भाग होय. न्यूयॉर्क विद्यापीठातील जॉन डार्ली आणि कोलंबिया विद्यापीठातील बिब लाताने या दोन तरुण मानसशास्त्रज्ञांनी वृत्तपत्री संतापात सूर मिसळण्याऐवजी एक उलटा प्रश्न विचारला. एवढी माणसे असूनही कोणी मदत केली नाही, की एवढी माणसे होती म्हणूनच केली नाही? १९६८ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात विद्यार्थ्यांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवून ध्वनियंत्रावरून परस्परांशी बोलण्यास सांगण्यात आले. बोलता बोलता एका सहभाग्याला अपस्माराचा झटका आल्याचा आवाज येई. हा आवाज आधीच ध्वनिमुद्रित केलेला होता, अर्थात ऐकणाऱ्यास त्याची कल्पना नसे. आपण एकटेच हे ऐकत आहोत, असे ज्यांना वाटत होते, त्यांपैकी ८५ टक्के विद्यार्थी झटका संपण्यापूर्वीच मदत मागण्यासाठी बाहेर आले. आणखी एक जण ऐकत आहे असे वाटणाऱ्यांत हे प्रमाण ६२ टक्के होते, आणि आणखी चौघे ऐकत आहेत असे मानणाऱ्यांत अवघे ३१ टक्के.

या आकड्यांइतकेच महत्त्वाचे असे एक निरीक्षण प्रयोगकर्त्यांनी नोंदवले आहे. दुर्दैवाने त्याची चर्चा कमी होते. जे विद्यार्थी जागेवरून उठले नाहीत, ते निर्विकार नव्हते. कोणाचे हात कापत होते, कोणाच्या तळहातांना घाम फुटला होता. प्रयोगकर्ता आत येताच ‘त्याला बरे आहे ना?’ असे त्यांनी चिंतेने विचारले. मदत न करण्याचा निर्णय त्यांनी घेतलेला नव्हता. ते निर्णयच घेऊ शकले नव्हते. ‘बघ्या’ या शब्दातील निवाडा येथे डळमळू लागतो.

दुसऱ्या एका प्रयोगात प्रश्नावली भरत बसलेल्या विद्यार्थ्यांच्या खोलीत भिंतीतील झरोक्यातून धूर सोडण्यात आला. खोलीत एकटे असलेल्यांपैकी ७५ टक्क्यांनी बाहेर येऊन सूचना दिली. सोबत दोन माणसे असून ती पूर्वसूचनेनुसार निर्विकारपणे लिहीत राहिली, तेव्हा हे प्रमाण १० टक्क्यांवर आले. उरलेले डोळे चोळीत, खोकत, धूर हाताने बाजूला सारीत प्रश्नावली भरीत होते. नंतर विचारले असता कोणी ती वाफ असल्याचे सांगितले, कोणी वातानुकूलनाचा दोष म्हटला. दोघांनी तर माणसाकडून खरे वदवून घेणारा तो वायू असावा असा तर्क केला! आग हा एकच अर्थ मात्र त्यांना सुचला नाही.

यावरून लाताने आणि डार्ली यांनी मदतीच्या कृतीची पाच पायऱ्यांत फोड केली. घटना लक्षात येणे, ती संकट आहे असा अर्थ लागणे, जबाबदारी आपली आहे असे वाटणे, काय करावे हे ठाऊक असणे, आणि शेवटी ते करणे. यांपैकी कोणत्याही पायरीवर माणूस अडखळू शकतो. पहिल्या पायरीवर घाई अडवते. प्रिन्स्टन येथे १९७३ साली डार्ली व बॅटसन यांनी धर्मशास्त्राच्या विद्यार्थ्यांवर केलेल्या प्रयोगात, वाटेत कण्हत बसलेल्या माणसापाशी वेळ हाताशी असलेल्यांपैकी ६३ टक्के थांबले, तर उशीर झाल्याचे सांगितलेल्यांपैकी १० टक्के. त्यांतील काही जण तर वाटसरूला मदत करणाऱ्या परोपकारी प्रवाशाच्या दृष्टांतावरच व्याख्यान देण्यास निघाले होते. सकाळच्या ठरावीक लोकलसाठी धावणाऱ्या मुंबईकरास हा प्रयोग समजावून सांगण्याची गरज पडू नये. दुसऱ्या पायरीवर इतरांचे चेहरे अडवतात. प्रत्येक जण आतून साशंक, बाहेरून शांत. आणि प्रत्येक जण दुसऱ्याच्या शांततेवरून ‘काही विशेष नसावे’ असा निष्कर्ष काढतो. तिसऱ्या पायरीवर जबाबदारीची वाटणी होते. पाचांत वाटलेली जबाबदारी एकाच्याही वाट्याला पुरेशी येत नाही.

अर्थ लावण्याच्या पायरीवरील सर्वांत उद्बोधक, आणि भारतीय वाचकास सर्वांत अस्वस्थ करणारा प्रयोग लान्स शॉटलँड आणि मार्गारेट स्ट्रॉ यांनी १९७६ साली प्रसिद्ध केला. एक पुरुष एका स्त्रीवर हात टाकीत आहे, असा देखावा सहभागी व्यक्तींसमोर घडवून आणण्यात आला. अर्ध्या प्रसंगांत ती स्त्री या माणसाला आपण ओळखत नसल्याचे ओरडून सांगे. उरलेल्या प्रसंगांत याच्याशी लग्न का केले, अशा अर्थाचे उद्गार ती काढी. झटापट तीच, किंकाळ्या त्याच. पहिल्या प्रकारात ६५ टक्के लोकांनी हस्तक्षेप केला. दुसऱ्या प्रकारात १९ टक्के. एका वाक्याने मारहाणीचे रूपांतर ‘घरच्या मामल्या’त झाले. क्यू गार्डन्समधील काही शेजाऱ्यांनीही जोडप्याचे भांडण समजूनच खिडकी लावून घेतली होती, याचे येथे स्मरण होते.

‘नवरा-बायकोच्या भांडणात तिऱ्हाइताने पडू नये’ ही शिकवण महाराष्ट्रातील चाळींत आणि वाड्यांत पिढ्यान्‌पिढ्या दिली गेली आहे. तिच्यात व्यवहारज्ञान नाही असे नाही. परंतु भिंतीपलीकडे चाललेली मारहाण आणि भांडण यांत ती भेद करीत नाही, हा तिचा दोष आहे. कायद्याने हा भेद केला आहे. २००५ चा कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम २६ ऑक्टोबर २००६ पासून अमलात आला. त्याच्या चौथ्या कलमान्वये हिंसा घडली आहे, घडत आहे किंवा घडण्याचा संभव आहे असे मानण्यास कारण असलेली कोणतीही व्यक्ती संरक्षण अधिकाऱ्यास माहिती देऊ शकते, आणि सद्भावनेने दिलेल्या माहितीबद्दल तिच्यावर दिवाणी किंवा फौजदारी दायित्व येत नाही. २००८ साली सुरू झालेल्या ‘बेल बजाओ’ या मोहिमेने याच जागेवर बोट ठेवले होते. शेजारच्या घरातून मारहाणीचा आवाज आल्यास दारावरची घंटी वाजवावी, आणि दार उघडल्यावर वाटीभर दूध मागितले तरी चालेल. ही कृती क्षुल्लक दिसते. पण ‘कोणी तरी ऐकत आहे’ एवढे मारणाऱ्यास कळविण्याचे काम ती करते, आणि मारहाणीची साखळी त्या क्षणापुरती तोडते.

प्रयोगशाळेतील निष्कर्ष रस्त्यावर जसेच्या तसे लागू पडतात काय, हा प्रश्न दीर्घकाळ अनुत्तरित होता. २०११ साली पीटर फिशर व सहकाऱ्यांनी तोवरच्या प्रयोगांचा एकत्रित आढावा घेतला. गर्दीमुळे मदत घटते हे एकंदरीत खरे असले, तरी प्रसंग उघडपणे धोकादायक असेल आणि हल्लेखोर समोर असेल, तर हा परिणाम बराच क्षीण होतो, असे त्यांना आढळले. धोका स्पष्ट असला की अर्थाविषयी संदेह उरत नाही. शिवाय सोबतची माणसे अशा वेळी अडसर न राहता आधार ठरू शकतात. त्यानंतर रिचर्ड फिलपॉट आणि सहकाऱ्यांनी ॲम्स्टरडॅम, लँकेस्टर आणि केप टाऊन या तीन शहरांतील रस्त्यांवरच्या २१९ भांडणांचे कॅमेऱ्यांत टिपलेले चित्रण तपासले. त्यांचे निष्कर्ष २०१९ मध्ये पुढे आले. सुमारे ९१ टक्के प्रसंगांत किमान एका तिऱ्हाइताने मध्ये पडून काही ना काही केले होते. कोणी दोघांच्या मध्ये उभे राहिले, कोणी खांद्यावर हात ठेवून एकाला दूर नेले, कोणी पडलेल्यास उठवले. उपस्थितांची संख्या वाढेल तसतशी, कोणी तरी मदतीला येण्याची शक्यताही वाढत होती.

हे निष्कर्ष डार्ली-लाताने यांना खोटे पाडतात, असे समजणे उतावीळपणाचे होईल. प्रत्येक व्यक्तीची मदत करण्याची शक्यता गर्दीत कमी होत असली, तरी गर्दीत व्यक्ती अनेक असतात. संकटात सापडलेल्याला एका जणाची गरज असते. तो कोण, हे त्याच्या दृष्टीने गौण आहे. लेव्हाइन यांच्या चित्रणाधारित अभ्यासातून आणखी एक गोष्ट दिसली. भांडण मिटते ते बहुधा एका शूराच्या झेपेने नव्हे. पहिला पुढे झाला की दुसरा-तिसरा त्याला येऊन मिळतो, आणि या एकत्रित प्रयत्नापुढे भांडणाचा जोर ओसरतो. आंबोलीच्या त्या रात्री हल्लेखोरांस अडविणाऱ्यांची अशी दुसरी-तिसरी फळी उभी राहिली नाही, हीच त्या घटनेतील मर्मभेदक गोष्ट होती.

संकटात सापडलेल्याने गर्दीचा उपयोग कसा करावा, हे वरील विवेचनावरून बरेचसे उलगडते. ‘कोणी तरी वाचवा’ ही हाक सर्वांना असते, म्हणून कोणालाच नसते. उलट, ‘अहो, निळ्या सदऱ्याचे काका, ११२ वर फोन लावा’ असे एका माणसाकडे पाहून सांगितले, तर अर्थाचा संदेह, जबाबदारीची वाटणी आणि काय करावे याचे अज्ञान या तिन्ही अडचणी एका वाक्यात दूर होतात. हल्लेखोर अनोळखी असेल तर ते मोठ्याने सांगणे शॉटलँड-स्ट्रॉ यांच्या प्रयोगाच्या आधारे विशेष हितावह ठरते. मदत करू इच्छिणाऱ्यानेही हल्लेखोराशी थेट सामना हाच एक मार्ग समजू नये. वेळ विचारण्याच्या किंवा पत्ता विचारण्याच्या निमित्ताने छळ होत असलेल्या व्यक्तीजवळ जाऊन उभे राहणे, वाहकाला किंवा पहारेकऱ्याला बोलावणे, शेजारच्या दोघांना ‘चला, आपण मिळून जाऊ’ म्हणणे, सुरक्षित अंतरावरून घटनेची नोंद ठेवणे, आणि सर्व संपल्यावर पीडित व्यक्तीपाशी थांबणे, हेही साहाय्यच होय. शस्त्र दिसत असेल तर अंतर राखून इतरांस आणि पोलिसांस बोलावणे यात भ्याडपणा नाही.

स्वत:च्या बचावाच्या शिक्षणाबाबत एक भक्कम पुरावा उपलब्ध आहे. कॅनडातील तीन विद्यापीठांत शार्लीन सेन आणि सहकाऱ्यांनी पहिल्या वर्षातील ८९३ विद्यार्थिनींवर केलेला प्रयोग २०१५ साली प्रसिद्ध झाला. एका गटास बारा तासांचे प्रशिक्षण देण्यात आले, दुसऱ्यास केवळ माहितीपत्रके. वर्षभरात पूर्ण झालेल्या बलात्काराचे प्रमाण पहिल्या गटात ५.२ टक्के, तर दुसऱ्यात ९.८ टक्के आढळले. या प्रशिक्षणात शारीरिक प्रतिकाराचे डावपेच होतेच, पण ते एका भागापुरते. मुख्य भर होता तो ओळखीच्या पुरुषाकडून येणारा धोका ओळखण्यावर, आणि ‘हा असे कसे करील’, ‘उगाच आपलाच गैरसमज असेल’, ‘त्याला वाईट वाटेल’ या मनातील अडथळ्यांवर मात करण्यावर. धुराच्या खोलीतील विद्यार्थी जे स्वत:ला सांगत होते, त्याच जातीची ही वाक्ये आहेत. अशा शिक्षणामुळे गुन्ह्याचा भार स्त्रीवरच टाकला जातो, असा एक आक्षेप घेतात. अपराधाचे दायित्व अपराध्याचेच असते, यात दुमत असू नये. तथापि पोहणे शिकविल्याने बुडविणाऱ्याचा गुन्हा कमी होत नाही, आणि पोहता न येणाऱ्यावर दोषही येत नाही.

आता गर्दीची दुसरी बाजू. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा येथे आठवडे बाजाराच्या दिवशी भटक्या समाजातील पाच भिक्षेकऱ्यांना मुले पळविणारे समजून जमावाने ठार केले. मुले पळविणाऱ्या टोळीची अफवा भ्रमणध्वनीवरील संदेशांतून कित्येक दिवस पसरत होती. येथे बघ्यांचे औदासीन्य नव्हते; उलट ‘आपल्या मुलांचे रक्षण’ याच भावनेने माणसे पेटली होती. दुसऱ्याच्या रक्षणाची प्रेरणा स्वभावत:च शुभ असते, ही समजूत राईनपाड्यानंतर टिकू शकत नाही. पाच पायऱ्यांचे विश्लेषण येथेही उपयोगी पडते. दुसरी पायरी, म्हणजे घटनेचा अर्थ लावणे, ही अफवेने आधीच ओलांडून ठेवली होती. सॉलोमन ॲश यांच्या १९५० च्या दशकातील प्रयोगांत असे दिसले होते की, सर्व गट एकमुखाने चुकीचे उत्तर देत असता त्यामागे जाणारा माणूस, एक जरी सहकारी खरे उत्तर देणारा मिळाला तरी स्वत:च्या डोळ्यांवर विश्वास ठेवू लागतो. जमाव पेटण्यापूर्वी ‘थांबा, आधी पोलिसांना बोलावू’ म्हणणाऱ्या पहिल्या माणसाचे मोल यावरून कळते. पेटल्यानंतर तोच माणूस स्वत: बळी पडण्याचा धोका असतो, म्हणून काळ महत्त्वाचा.

कायद्याची भूमिका येथे नेमकी आहे. स्वत:च्या शरीराचे, तसेच दुसऱ्या कोणाच्याही शरीराचे संरक्षण करण्याचा हक्क १८६० च्या भारतीय दंड संहितेत कलम ९६ ते १०६ मध्ये होता. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेत तो कलम ३४ ते ४४ मध्ये जवळजवळ त्याच स्वरूपात आला आहे. परक्यासाठी धावून जाणाऱ्यास नातेसंबंध सिद्ध करावा लागत नाही. मात्र बचावासाठी आवश्यक त्याहून अधिक इजा करता येत नाही, आणि शासकीय संरक्षण मिळविण्यास अवसर असेल तर हा हक्क उरत नाही. पकडून, बांधून ठेवलेल्या माणसाला मारणे हे म्हणूनच कधीही संरक्षण ठरू शकत नाही. वंश, जात, भाषा, जन्मस्थान अशा कारणांवरून पाच किंवा अधिक जणांनी मिळून केलेल्या हत्येसाठी नव्या संहितेच्या कलम १०३ मध्ये स्वतंत्र तरतूद आहे.

मदत करणाऱ्याच्या मनातील आणखी एक भीती प्रयोगशाळेत मोजता येत नाही. ती पोलीस ठाणे आणि न्यायालय यांच्या फेऱ्यांची. रस्त्यावरील अपघाताच्या बाबतीत ती दूर करण्याचा प्रयत्न झाला आहे. सर्वोच्च न्यायालयाने ३० मार्च २०१६ रोजी मदतकर्त्यांच्या संरक्षणाची मार्गदर्शक तत्त्वे बंधनकारक केली, आणि २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन अधिनियमात कलम १३४-अ घालण्यात आले. त्यानुसार जखमीला रुग्णालयात पोहोचविणाऱ्यावर आपले नाव सांगण्याचीही सक्ती करता येत नाही. हे संरक्षण अपघातापुरते आहे. हल्ल्याच्या साक्षीदारास असे अनामिक राहता येत नाही, कारण त्याच्या साक्षीवाचून खटला उभा राहत नाही. त्याच्यासाठी सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१८ मध्ये साक्षीदार संरक्षण योजनेस मान्यता दिली, आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९८ ने प्रत्येक राज्य शासनावर अशी योजना आखण्याची जबाबदारी टाकली आहे. रात्रीच्या रस्त्यावर पुढे पाऊल टाकावे की नाही, हे ठरविणाऱ्या माणसाच्या मनात या कलमाची खात्री पोहोचते की नाही, यावर पहिल्या चार पायऱ्या ओलांडलेला माणूस पाचवी चढेल की नाही, हे पुष्कळसे अवलंबून राहील.